आड कुठं होता

बीडच्या माणसानं होडीसाठी मासे शोधायचं यंत्र घेतलं म्हटलं की पुण्याकडची मंडळी आधी हसून घेतात. बीड म्हणजे टँकर, चारा छावणी आणि कोयता, एवढीच त्यांची ओळख. त्यांना हे ठाऊक नसतं की आमच्या माजलगाव तालुक्यात सिंदफणेवर 454 दशलक्ष घनमीटरचं, म्हणजे सोळा टीएमसीचं धरण आहे. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. 1987 साली ते पुरं झालं. सिंदफणेचं पाणी त्यात येतंच, शिवाय पैठणहून निघालेला उजवा कालवा 132 किलोमीटर चालत येऊन त्यात पाणी ओततो. पाऊस नाशकाला पडला की आमच्या दारात पाणी चढतं, हा भूगोल आम्ही शाळेत जायच्या आधीच शिकलो होतो. दारात म्हणजे नव्या गावाच्या दारात. जुनं दार पाण्याखाली आहे.

आम्ही म्हणजे तीन भावांची मुलं. धरण भरलं तेव्हा आमच्यातला थोरला चौथीत असेल आणि धाकटा मोठीमायच्या, म्हणजे आजीच्या, कडेवर. वडीलधाऱ्यांची पिढी जुन्या गावात वाढली, आमच्या मुलांची नव्या गावात किंवा चाकण-पिंपरीत. दोन्ही गावांत बालपण वाटलं गेलं ते फक्त आमचं. म्हणून जुन्या गावाबद्दल आम्हाला सगळं आठवतं असं आम्ही छातीठोकपणे सांगतो, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

गाव उठलं ते एका दिवसात नाही. वर्षभर उठतच होतं. आमचं घर माळवदाचं, जाड मातीच्या भिंतींचं. धरणाचे पैसे मिळाले ते घराचे आणि जमिनीचे; लाकूड आपलंच राहिलं. मग माळवदाची माती खाली ओढून सागवानी तुळया काढल्या, चौकटी उपटल्या, कडीकोयंड्यासकट दारं बैलगाडीत घातली. देवळातला मारुतीसुद्धा वाजतगाजत नव्या गावात आला. मागं उरल्या त्या नुसत्या मातीच्या भिंती, दगडी पार, गढीचा बुरूज, विहिरी आणि बाभळी. बुडालेलं गाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पाण्याखाली उभी घरं येतात, तसं काही नसतं. माती पहिल्याच पावसाळ्यात विरघळते. ही गोष्ट पुढं यंत्र घेताना फार उपयोगी पडली.

नव्या गावात आखलेले प्लॉट, सरळ रस्ते आणि डोक्यावर पत्रा. माळवदाखाली उन्हाळा कधी कळला नव्हता, तो तिथं कळला. नदीकाठची काळी जमीन गेली होती. मोबदल्यातले पैसे आत्याच्या लग्नात आणि एका नापिकीच्या वर्षात संपले. मग दसरा झाला की आमचे बापू आणि नाना, आपापल्या बायकांना घेऊन, मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांना ऊसतोडीला जाऊ लागले. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत परतायचं नाही. जिल्ह्यातून लाखोंनी माणसं अशी जातात आणि घरोघरी म्हातारी माणसं नि पोरं उरतात. आमच्या घरी उरायची मोठीमाय, थोरल्या काकू, आम्ही सगळी चिल्लीपिल्ली आणि तात्या.

तात्या थोरले. त्यांनी कोयता धरला नाही. "पाण्यानं आपलं खाल्लं, आता पाण्याचं आपण खायचं," असं ते म्हणायचे. हे वाक्य ऐकायला छान आहे, पण कुणब्याच्या पोरानं जाळं हातात घेणं भावकीला आवडलं नव्हतं. शेजारच्या गावातल्या भोयांच्या आळीत त्यांचा एक दोस्त होता. जाळं विणणं, शिसं ओवणं, वारा बघणं हे सगळं त्यानं शिकवलं. पुढं दोघांनी मिळून मच्छिमार संस्थेत नावं घातली.

तात्यांचं पहिलं जहाज म्हणजे गूळ करायची काहील. ती गोल गोल फिरायची, पुढं कमी जायची. मग ट्रकची ट्यूब आली. ट्यूबमध्ये बूड अडकवून, पाय पाण्यात सोडून तात्या जाळं लावायचे, आणि परत यायचे तेव्हा त्यांच्या पायाची कातडी सुरकुतून पांढरी पडलेली असायची. त्यानंतर मेणकापडात गुंडाळलेला थर्माकोलचा तराफा. धरणाच्या काठानं आजही सगळ्यांत जास्त दिसतो तो हाच. जाळ्याच्या वरच्या दोरीला बांधायला तरंगणारं काहीतरी लागतं, त्यासाठी घरातल्या फाटक्या स्लिपरा कापल्या जायच्या. आमच्या स्लिपरा फाटल्या की नव्या मिळायला वेळ लागायचा, जुन्यांचे तुकडे मात्र त्याच संध्याकाळी पाण्यावर तरंगत असायचे. चांगली स्लिपर चोरून कापल्याचा आरोप तात्यांवर कायम होता आणि तो खराही होता.

मोठीमाय माळकरी. तिच्या चुलीवर मासा शिजणं शक्यच नव्हतं. अंगणात, लिंबाखाली तीन दगड मांडलेले होते, तिथं काकू कालवण करायच्या. भाजलेले तीळ, शेंगदाणे, काळा मसाला, चिंचेचा कोळ, आणि घट्ट होऊ न देता पातळच ठेवायचं, कारण खाणारी तोंडं पुष्कळ. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात बुडवायची. मोठीमाय ओसरीवर तुळशीच्या माळेचे मणी ओढत पाठ फिरवून बसायची आणि तिथूनच ओरडायची, "अगं, मसाला करपायलाय!" तिनं आयुष्यात मासा चाखला नव्हता, पण वासावरून कालवण बिघडलेलं तिला काकूंच्या आधी कळायचं. धोंड्याच्या महिन्यात मात्र ते तीन दगडही थंड. मोठीमाय गोदावरीकाठच्या पुरुषोत्तमपुरीला जायची, आम्हालाही न्यायची. त्या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात असं सगळे सांगतात. आमच्या थोरल्यानं त्यावर विचारलं होतं की मग त्या विटांची होडी का करत नाहीत. त्याला तिथंच एक धपाटा मिळाला.

आम्ही सगळी भावंडं ज्या बोलण्यात वाढलो ते बोलणं मला आता विलक्षण वाटतं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. तात्या रात्री जेवताना सांगायचे, "आज नानाच्या उसात जाळं टाकलं होतं." किंवा, "पाटलाच्या मळ्यात दोन कटले घावले." किंवा, "मारुतीच्या पाराला जाळं गुतलं, फाटलं." नानाचा ऊस जाऊन दहा वर्षं झालेली, मळ्यावर पंधरा फूट पाणी, पण घरात पत्ते तेच चालायचे. ज्यांना जुनं गाव नीट आठवत नव्हतं त्या धाकट्यांनाही तळातल्या शिवाराची सगळी नावं पाठ झाली ती अशी, कालवणाबरोबर. कटला वरच्या पाण्यात, राहू मधल्या, मृगळ तळाशी गाळात, हेही तेव्हाच कळलं. राहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात दरवर्षी बोटुकली आणून सोडावी लागतात. मरळ, वाम, शिंगाडा मात्र घरचेच, सिंदफणेचे.

आणि तात्यांना पाण्यावर नानाचा ऊस कसा सापडायचा? काठावरच्या खुणांनी. नव्या गावातल्या देवळाचा कळस आणि त्याच्या मागचा पिंपळ एका ओळीत आले पाहिजेत, ही एक रेघ. डावीकडं टेकडीचं नाक आणि पाण्याच्या टाकीचा खांब एका ओळीत, ही दुसरी. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं मारुतीचा पार. अशा कितीतरी जोड्या त्यांच्या डोक्यात होत्या. खोली मोजायला दोरीला दगड. प्रत्येक वावावर गाठ. दोरी उचलताना दगडाला काळा गाळ लागलाय की वाळू, हे ते नाकाशी धरून बघायचे. वाळू म्हणजे जुनी नदी. नदीचं जुनं पात्र धरणाच्या तळाशी तसंच असतं, आणि पाणी कमी झालं की मासा त्या पात्राच्या काठानं गोळा होतो.

2016 च्या उन्हाळ्यात हे सगळं उघड्यावर पडलं. त्या साली मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती. शेजारच्या लातूरला एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण त्यांना पाणी देणारं आमच्याच जिल्ह्यातलं, धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. आमचंही मृतसाठ्यात गेलं आणि जुन्या गावाची जागा वर आली. सगळं घर बघायला गेलो. भेगाळलेल्या गाळावर चालत तात्या पुढं, आम्ही मागं. पार होता. गढीच्या बुरुजाचा खालचा थर होता. बाभळींचे खुंट होते, आणि त्यांच्यात वर्षानुवर्षांच्या फाटक्या जाळ्यांचे झुपके. घराची जागा दाखवताना बापू आणि नाना यांचं भांडण झालं. एकानं दाखवलेली ओसरी दुसऱ्याच्या मते गोठ्यात येत होती. काकू त्यांच्या भांडणात न पडता एका बाजूला चालत गेल्या आणि एका चपट्या शिळेवर बसल्या. धुणं धुवायची शिळा होती ती. सासरी आल्यापासून धरण होईपर्यंत रोज त्या तिथं गेल्या होत्या. आम्ही फोटो काढले बुरुजाचे. शिळेचा कुणीच काढला नाही.

तात्या त्यानंतर तीनेक वर्षांनी गेले. त्यांच्या मागं आमचा धाकटा चुलतभाऊ धंदा बघतो. आता फायबरची होडी आहे. 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होडी-जाळ्याला अनुदान मिळू लागलं, सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. घरात बरीच चर्चा होऊन अर्ज वहिनीच्या नावानं केला, ते सांगायला नको. होडी आली, जाळी आली, आणि रस्ता रुंद करताना पिंपळ तोडला गेला. टाकी पाडून दुसरीकडं नवी बांधली. देवळावर मंडप आला आणि त्यानं कळस झाकला. तात्यांनी धाकट्याला शिकवलेल्या रेघांपैकी निम्म्या एका वर्षात पुसल्या गेल्या. मोबाइलचा टॉवर आहे, पण तात्यांच्या हिशोबात टॉवर नव्हता. जाळी खुंटांना गुतून फाटायला लागली. नायलॉनचं जाळं एकदा खुंटाला गुतलं की सोडवायला माणूस खाली उतरवावा लागतो, आणि जाळ्याजवळ बुडी मारणं हे पाण्यातल्या माणसाचं सगळ्यांत धोक्याचं काम.

तेव्हा यंत्राचा विषय निघाला, भावंडांच्या ग्रुपवर. काढला तो आमच्या ट्रकवाल्या भावानं. तो रत्नागिरीकडं भाड्यानं जातो. मिरकरवाडा बंदरात बोटींवर असलं यंत्र त्यानं बघितलं होतं. त्यानं एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्यावर एक माणूस पडद्यात बघून गळ टाकतो आणि मासा गळाकडं येताना पडद्यावर दिसतो, हलताना, वळताना. भाऊ म्हणाला, हेच घ्यायचं.

ही सगळी यंत्रं मुळात एकच काम करतात. पाण्यात आवाज सोडायचा आणि परत येणारा ऐकायचा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. पंधरा फुटांचा तळ गाठून परत यायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग धरला तर असे सहा भाग लागतात. आमचं पाणी काळ्या मातीचं, पावसाळ्यात तर हात बुडवला की बोटं दिसत नाहीत. कॅमेरा तिथं आंधळा. आवाजाला गढूळपणाशी फारसं देणंघेणं नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, आवाज मुख्यतः तिच्यावरून उलटतो. मासेमारीसाठी हे पहिल्यांदा धंद्यात आणलं जपानच्या नागासाकीतल्या फुरुनो बंधूंनी, 1948 साली. अमेरिकेत लॉरन्सची छोटी हिरवी पेटी 1959 ची. तेव्हापासून पुष्कळ वर्षं यंत्र एवढंच सांगायचं की होडीच्या बरोबर खाली काय आहे. आडवं बघणारं, डावी-उजवीकडचा तळ चित्रासारखा काढणारं यंत्र हमिनबर्डनं 2005 मध्ये हौशी मासेमारांसाठी बाजारात आणलं. आणि भावानं पाठवलेला हलत्या माशाचा व्हिडिओ त्याच्याही पुढचा, गार्मिनचा 2018 चा प्रकार.

गेवराईचा भाऊ मास्तर आहे. त्याचं म्हणणं, स्वस्तातला चेंडू घ्यावा. दोरीला बांधून पाण्यात फेकायचा, तो मोबाइलवर चित्र पाठवतो. चाकणचा भाऊ कारखान्यात मोजमापं तपासण्याच्या खात्यात आहे; त्यानं तक्ता करून टाकला. त्या तक्त्यात त्याच्या साहेबाला आवडतील असे रंग होते. पण त्यातली एक ओळ खरोखर कामाची निघाली. साध्या यंत्राचा आवाज विजेरीच्या झोतासारखा खाली पसरत जातो. 200 किलोहर्ट्झवर तो झोत 20 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे खोलीच्या साधारण एक तृतीयांश रुंद. समुद्रात तीनशे फुटांवर तो शंभर फुटांचा पट्टा दाखवतो. आमच्या जुन्या गावावर पंधरा फूट पाणी, म्हणजे दिसणार पाच फूट. एवढं तर दोरीचा दगडही सांगतो. उथळ पाण्यात खाली बघण्यात अर्थ नाही. बाजूला बघितलं पाहिजे. बाजूचं चित्र काढणारी यंत्रं 455 किंवा 800 किलोहर्ट्झवर, काही 1.2 मेगाहर्ट्झवर चालतात. आकडा जितका मोठा तितकं चित्र बारीक आणि पल्ला कमी. आम्हाला लांबचं बघायचं नव्हतं. त्यामुळं ते जमण्यासारखं होतं.

ट्रकवाल्याला हे पटलं नाही. त्याचा हलता मासा डोक्यातून जाईना. शेवटी धाकट्यानं, ज्याला यंत्र वापरायचं होतं आणि ज्याला कुणीच विचारलं नव्हतं, तीन वाक्यांत वाद मिटवला. "मी गळ टाकत नाही, जाळं टाकतो. एक मासा कुठं चाललाय ते बघून मला काय करायचं? मला खुंट कुठं आहे ते सांगा." हे मला अजूनही असल्या खरेदीबद्दलचं सगळ्यांत शहाणं बोलणं वाटतं. जाहिराती सगळ्या मासा दाखवतात, कारण त्या हौशी गळवाल्यांसाठी केलेल्या असतात. जाळेवाल्याला तळ हवा असतो. शिवाय विजेचा प्रश्न होताच. धाकट्याकडं बॅटरी म्हणजे फवारणी पंपाची, 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची. साध्या सात इंची पडद्याला ती सकाळभर पुरते. हलतं चित्र काढणाऱ्या जोडणीवर दोन तास टिकली तर नशीब.

बाजूचं चित्र काढणाऱ्याचीही खोड असते. ते होडी चालती असतानाच चित्र काढतं. आवाजाची एक-एक पट्टी घेऊन ती शेजारी-शेजारी लावत जातं. होडी थांबली की तीच पट्टी पुन्हा पुन्हा उमटते आणि पडद्यावर नुसते पट्टे पडतात. वळलात की चित्र मुडपतं. म्हणजे सरळ, सावकाश, एका चालीनं वल्हवत राहायचं. ज्यांचा धंदा अजून तराफ्यावर आहे त्यांना हे यंत्र घेऊ नका असंच मी सांगेन. तराफा सरळ जात नाही, आणि थर्माकोल म्हणजे सगळी हवाच, त्यातून आवाज पार होत नाही. फायबरच्या तळातूनही फक्त साधा आवाज जातो, चित्राचा नाही, त्यामुळं आवाज सोडणारं टोक पाण्यात बाहेर लोंबतं ठेवावं लागतं. धाकट्यानं वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीची कमान करून घेतली. जाळ्याजवळ आलं की ती वर उचलता येते. पडद्यावर माशाचं चित्र काढून दाखवायची सोय यंत्रात असते, ती त्यानं पहिल्याच दिवशी बंद केली. तिला बुडबुडाही मासा वाटतो आणि पालापाचोळाही.

आमचा निर्णय खरा पक्का केला तो नकाशाच्या सोयीनं. होडी फिरत जाते तसतसं हे यंत्र खोलीच्या रेषा आपोआप आखत जातं आणि कुठलीही जागा खूण म्हणून साठवतं. तात्यांच्या रेघांसाठी पिंपळ लागायचा. ह्याला उपग्रह पुरतात. सिंदफणेचा तळ कुणी छापून विकत नव्हतं, तो आम्हालाच काढावा लागणार होता. आणि आणखी एक कारण होतं, त्याबद्दल ग्रुपवर कुणी फार लिहिलं नाही. धरणात कुणी बुडालं की पोलीस आधी मासेमारांना बोलावतात. 2022 च्या सप्टेंबरात धरणात बुडालेल्या एका डॉक्टरांना शोधायला कोल्हापूरचं पथक आलं होतं, आणि शोधताना त्या पथकातला जवानही गेला. तेव्हा काठावर उभ्या असलेल्या होड्यांमध्ये आमची एक होती. बाजूचा तळ दाखवणारं यंत्र शोधपथकं ह्याच कामाला वापरतात. वहिनीनं एवढंच लिहिलं, "बाजूचं दिसणारं घ्या." पैसे सगळ्यांनी काढले. ट्रकवाल्यानं सर्वांत जास्त दिले आणि हलत्या माशाचा व्हिडिओ परत एकदा टाकला.

पहिल्या फेऱ्यांत पडद्यावर जे दिसलं ते वाचायला आम्हाला कुणालाच येत नव्हतं. तपकिरी पार्श्वभूमी, मधोमध काळा पट्टा, म्हणजे होडीखालचं पाणी, आणि दोन्ही बाजूंना डाग. हळूहळू समजलं की वस्तूपेक्षा तिची सावली बघायची. उंच वस्तू आवाज अडवते, तिच्या मागं काळी जागा राहते. सावली लांब म्हणजे वस्तू उंच. खुंटांच्या सावल्या काडीसारख्या बारीक पडतात. पार लगेच ओळखू आला, चौकोनी आणि कडा ठसठशीत. बुरूज मात्र आम्ही फोटोत काढला होता त्याच्या निम्माच दिसला, गाळ चढलाय. बाभळींच्या खुंटांच्या खुणा साठवल्या, जाळी फाटणं कमी झालं. मासे जास्त सापडायला लागले का, असं लोक विचारतात. नाही. सोडलेल्या बोटुकल्या जितक्या जगतात तितकेच मासे.

पण खुणांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा घरातले पुरुष हरले. बापूंना शेतांच्या सीमा आठवतात. पाण्याखाली बांध विरघळलेत, सीमेला आता अर्थ नाही. नानांना तालीम आठवते, ती मातीची होती. पडद्यावर उरलंय ते दगडाचं, आणि गावात दगडाचं जे जे होतं, त्यातलं बहुतेक बायकांच्या वाटेवर होतं: धुण्याची शिळा, आडाचा काठ, हंडा टेकवायचा ओटा, देवळाच्या पायऱ्या. आमची पाथरीला दिलेली बहीण दिवाळीला आली होती. तिनं काकूंच्या पुढ्यात पडद्याचे फोटो मांडले आणि वही घेऊन बसली. काकूंनी ओसरीपासून सुरुवात केली. दारातून निघालं की उजव्या हाताला कुंभाराचं घर, मग उतार, मग ओटा. भरला हंडा घेऊन येताना तिथं एकदा टेकवायचा, कारण पुढं चढ. बहिणीलाही तो ओटा आठवत होता. हंडा टेकवल्यावर तिथं बसून ती बोरं खायची. आम्हा पोरांपैकी कुणाला त्या वाटेतलं एकसुद्धा वळण सांगता आलं नाही. पाणी आम्ही पीत होतो, आणत नव्हतो.

आता मतभेद आहे तो आडावरून. पाराच्या पश्चिमेला पडद्यावर एक गोल कडा दिसते, आत काळं. धाकट्यानं ती आड म्हणून साठवून टाकली. यंत्रात देवनागरी घालता आली नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत. काकू म्हणतात, ती पाटलाची मोटेची विहीर, आड नव्हे. पुरावा मागितला तर म्हणाल्या, "सकाळी रिकामी घागर घेऊन निघालं की ऊन डोळ्यांवर यायचं. म्हंजे आड उगवतीला. मावळतीला कसा असंल?" यावर चाकणच्या भावानं ग्रुपवर सूर्य, महिने आणि कोन यांचं गणित टाकलं, आणि बराच वेळ घेऊन त्याचंही उत्तर काकूंसारखंच आलं. पाराच्या पूर्वेला होडी अजून नीट फिरवलेली नाही, तिकडं बाभळी दाट आहेत. मार्चात पाणी थोडं उतरलं की काकूंना होडीत बसवून न्यायचं ठरलंय. त्यांची एकच अट आहे, लाइफ जॅकेट घालणार नाही. वहिनी म्हणते, मग होडी सुटणार नाही, होडी माझ्या नावावर आहे. लुगड्यावर बसेल असं जॅकेट कुठं मिळतं, याची चौकशी सध्या मास्तरांकडं सोपवली आहे.